आडाळ्यावर पडलेली सावली: कोकणातल्या घराचा उजेड स्वतः कसा सुधारावा

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी मी मोठ्या उत्साहाने माजघराच्या मधोमध २० वॉटची पांढरीशुभ्र एलईडी पट्टी लावली. बटण दाबलं आणि कौतुकाच्या आशेने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "ह्यां घर आसा काय हॉस्पिटल?" आणि स्वयंपाकघरात जाऊन आडाळ्यावर (विळीवर) अळू चिरायला बसली. तिथला बल्ब तिच्या पाठीमागच्या भिंतीवर. म्हणजे आडाळ्याच्या पात्यावर, बोटांवर आणि अळवावर तिची स्वतःचीच सावली. पैसे मी माजघरात घातले होते आणि बोट कापायची भीती होती स्वयंपाकघरात.

त्यानंतर आमचं देवगडकडचं कौलारू घर मी हळूहळू, खोली-खोलीने उजळवलं. एकूण खर्च तीन हजारांच्या आत. त्यात शिकलेलं इथे क्रमाने सांगते.

आधी एक संध्याकाळ नुसतं बसा

बाजारात जायच्या आधी तिन्हीसांजेला वही घेऊन घरभर फिरा. नुसतं फिरू नका, माणसं जिथे बसतात तिथे बसा. चुलीपुढे बसा, आडाळ्यावर बसा, मुलं अभ्यासाला बसतात त्या कोपऱ्यात बसा, न्हाणीत उभं राहा, मागच्या दारातून विहिरीपर्यंत चालत जा. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी लिहायच्या: हाताच्या कामावर सावली पडते का, आणि दिवा थेट डोळ्यात येतो का.

मी हे केलं तेव्हा कळलं, की घरात उजेड कमी नव्हताच. तो चुकीच्या जागी होता. आमच्याकडे जुन्या घरांत बहुतेक दिवे दाराच्या चौकटीवर किंवा आढ्याखाली, वायरमनला सोयीचे पडले तिथे आहेत. माणूस काय करणार आहे, हे तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं.

त्याच वहीत होल्डर पिनेचा आहे की चुडीचा, दिव्याच्या वर कौलातून गळतीचा डाग आहे का, आणि बटणाच्या बोर्डात मुंग्या शिरतात का, हेही टिपून ठेवा. हसू नका, आमच्या पडवीतल्या बोर्डात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं.

विजेच्या आधी सूर्य आणि चुना

जांभ्याच्या उघड्या भिंती, काळपट वासे, सारवलेली जमीन, हे सगळं उजेड गिळतं. त्याच ९ वॉटच्या बल्बाखाली चुना काढलेली खोली आणि धुराने काळवंडलेली खोली शेजारी-शेजारी बघा, फरक वेगळा सांगावा लागणार नाही. म्हणून पहिले पैसे चुन्याला किंवा पांढऱ्या डिस्टेंपरला. सगळं घर नको. दिव्याच्या मागची भिंत आणि त्याच्या समोरची भिंत एवढं पुरे.

दुसरं, काचेचं कौल. शाकारणी चालू असते तेव्हा, मृगाच्या आधी, माणसं छपरावर आहेतच, त्याच वेळी माजघरावर आणि स्वयंपाकघरावर एकेक काचेचं कौल बसवून घ्या. तुमच्या कौलांच्या मापाचं आणि खाचेचंच घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात खाली बादली ठेवावी लागेल. छपरावर स्वतः चढू नका, ते काम सवयीच्या माणसाचं. आमच्याकडे एका कौलाने दुपारचा दिवा कायमचा बंद झाला.

खोका वाचायला शिका

दुकानात "किती वॉटचा देऊ?" असं विचारतात. उत्तर ल्युमेनमध्ये द्यायचं असतं. वॉट म्हणजे बल्ब किती वीज खातो, ल्युमेन म्हणजे किती उजेड देतो. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा. चांगला ९ वॉटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो. असे तीन जुने बल्ब रोज पाच तास जळले तर महिन्याला २७ युनिट; तेच ९ वॉटचे तीन असतील तर चार. जुनी ट्यूबलाइट चोकसकट ५० वॉटच्या आसपास खाते, २० वॉटची एलईडी पट्टी साधारण २,००० ल्युमेन देते.

रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे निरांजनाकडे झुकणारा पिवळा, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे माझ्या आईचं हॉस्पिटल. झोपायच्या खोलीत, ओटीवर, देवघरात ३०००. स्वयंपाकघरात आणि अभ्यासाला ४०००. साडेसहा हजारवाला दुकानात सगळ्यात जास्त उठून दिसतो, म्हणूनच तो जास्त खपतो. मी तरी आता घरात आणत नाही.

खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवाच. आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं आणि वळवाच्या, परतीच्या पावसात विजा कडाडतात, त्यामुळे १०० ते ३०० व्होल्ट चालेल असं लिहिलेला, आणि सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक झटक्यापासून बचाव) किती किलोव्होल्टचं ते छापलेला बल्ब घ्या. दहा-वीस रुपये जास्त पडतात. जत्रेत तीस रुपयांना मिळणाऱ्या बल्बांवर यातलं काही नसतं. बिल जपून ठेवा आणि बल्बाच्या बुडाशी मार्करने तारीख लिहा. वॉरंटीत बदलून मिळतो, पण तारीख दाखवता आली तरच.

फ्यूज काढा, खिशात घाला

हा भाग घाईने वाचू नका. दिव्याचं बटण बंद केलं म्हणजे होल्डरमध्ये वीज नाही, असं जुन्या घरात कधीच धरू नका. बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) जोडलेलं असेल तर दिवा बंद दिसतो आणि होल्डर मात्र जिवंत असतो. एलईडी बल्ब बंद केल्यावरही अंधुक मिणमिणत राहिला तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं: बटणात छोटा लाल दिवा आहे, किंवा बटण न्यूट्रलवर आहे. पहिलं चालतं. दुसऱ्यासाठी वायरमन बोलवायचा.

म्हणून मेन स्विच बंद. जुने कटआउट असतील तर फ्यूजची पकड काढून स्वतःच्या खिशात, म्हणजे घरातलं दुसरं कोणी "लाइट गेली वाटतं" म्हणून परत बसवणार नाही. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मग मेन बंद करून कामाच्या जागी लावा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, खाली लाकडी स्टूल आणि ते धरायला एक माणूस. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढू नका. बाहेर गडगडत असेल तर काम उद्या.

तुमची मर्यादाही ठरवून घ्या. बल्ब बदलणं, आहे त्या जागी ट्यूब काढून पट्टी बसवणं, प्लगचा दिवा, सौर दिवा, एवढं घरच्या माणसाने करावं. नवी वायर ओढणं, बोर्ड फोडणं, अर्थिंग, हे परवानाधारक वायरमनचं. तो आलाच आहे तर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारं बटण, बसवून घ्या. ओल्या भिंतींच्या मुलखात हजार रुपयांच्या झुंबरापेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

जुनी ट्यूब काढून पट्टी

ट्यूब फिरवून काढा आणि आडवी ठेवा. तिच्यात पारा असतो, फोडू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका. स्टार्टर काढा. मग ट्यूबच्या जुन्या सांगाड्यात शिरणाऱ्या दोन वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, आणि त्या सोडवून चोकसकट सगळा सांगाडा खाली घ्या. नव्या पट्टीला चोकही नको, स्टार्टरही नको. तिच्या दोन वायरी सरळ त्या दोन वायरींना जोडायच्या. धातूच्या अंगाची पट्टी असेल आणि हिरवी वायर दिली असेल तर ती अर्थिंगला जोडायची, कापून टाकायची नाही.

जोड नुसता पिळून वर चिकटपट्टी, असा करू नका. आपल्या दमट हवेत चिकटपट्टीचा गोंद सुटतो आणि दोन पावसाळ्यांत ती लोंबायला लागते. पाच-दहा रुपयांची स्क्रूवाली कनेक्टर पट्टी वापरा. वायरचं टोक हिरवं-काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवं तांबं उघडं करा. टोक कापूनही आत काळंच निघालं, किंवा वरचं आवरण हाताने चुरलं, तर तिथेच थांबा. ती वायरच बदलायला झाली आहे.

चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडताना चिरा भुसभुशीत असल्याने भोक मोठं होत जातं आणि प्लास्टिकची गिट्टी फिरत राहते. त्यापेक्षा पट्टी वाशाला किंवा भिंतीतल्या लाकडी बट्टीला मारा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी. साध्या लोखंडी स्क्रूची दर्याकाठच्या हवेत काय गत होते, ते तुम्हाला माहीत आहे. वायर छपराखालून जाते तिथे ती पीव्हीसी पाइपातूनच हवी, उंदीर नुसती वायर सोडत नाहीत.

खोल्यांचं गणित

स्वयंपाकघरात मी पाठीमागच्या भिंतीवरचा दिवा काढला नाही, फक्त आईच्या समोर, आडाळ्याच्या थोडा वर आणि डावीकडे, प्लगवर चालणारी ५ वॉटची छोटी पट्टी लावली. आई उजव्या हाताची, म्हणून उजेड डावीकडून. डावखुऱ्या माणसाला उलटं. चूल किंवा शेगडीच्या नेमकं वर काहीही लावू नका, वाफ आणि धूर दिव्याला मारतो. महिन्यातून एकदा, मेन बंद करून, कोरड्या फडक्याने पुसा. पुसल्यावर किती उजेड परत येतो ते बघून मी थक्क झाले होते.

देवघरात ३ वॉटचा पिवळा पुरतो. बल्बाभोवती घट्ट बंद काचेचा गोळा लावायचा मोह टाळा. एलईडीला स्वतःची उष्णता बाहेर टाकायला हवा लागते, कोंडला की लवकर मरतो.

न्हाणीघर आणि पागोळ्यांखाली येणाऱ्या जागी आयपी ६५ लिहिलेलाच दिवा. त्यातला ६ धुळीसाठी, ५ पाण्याच्या माऱ्यासाठी. घरातल्या साध्या पट्ट्या बहुतेक आयपी २० च्या असतात, त्यांना पाण्यापासून काहीच संरक्षण नसतं.

मागच्या दारातून विहिरीकडे मी सौर दिवा लावला, सहाशेच्या आसपास पडला. आठ महिने उत्तम. आषाढात मात्र चार-चार दिवस ऊन नसतं तेव्हा तो रात्री आठलाच डोळे मिटतो. म्हणून त्या वाटेवर सौर दिव्याच्या भरवशावर राहू नका, दाराशी एक हालचालीने लागणारा सेन्सर बल्बही ठेवा. सापकिरड्याच्या दिवसांत दोन्ही हात भरलेले असताना बटण शोधावं लागत नाही. पॅनलवर माडाची सावली येत नाही ना, हे सकाळी नाही, दुपारी बघा.

पावसाळी किड्यांचा उपाय अर्धाच आहे. पिवळ्या दिव्यावर ते पांढऱ्यापेक्षा कमी येतात, पण येतात. जेवायला बसतो तिथला दिवा मंद ठेवून ओटीच्या टोकाला एक जास्त तेजाचा लावला आणि त्याच्याखाली परातीत पाणी ठेवलं, की गर्दी तिकडे जाते. ही युक्ती आजीची, तिच्या वेळी कंदील होता एवढंच.

वीज जाते तेव्हा

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकत गेलं, त्यानंतरच्या काळोखातल्या रात्री आम्ही मेणबत्त्यांवर काढल्या. आता माजघरात आणि जिन्यापाशी एकेक बॅटरीवाला इन्व्हर्टर बल्ब आहे, साडेतीनशे-चारशे रुपयांचा. त्याचं बटण चालूच ठेवायचं, तरच वीज गेल्यावर तो लागतो आणि वीज असताना चार्ज होतो. एक धोका लक्षात ठेवा: तुम्ही मेन बंद करून काम करत असताना हा बल्ब बॅटरीवर पेटलेलाच राहतो, आणि घरातल्या कोणालाही वाटू शकतं की वीज आहे. काम करण्याआधी तो काढून बाजूला ठेवा. वादळाचा इशारा आला, की आदल्या दिवशी असे सगळे बल्ब पूर्ण चार्ज करा, आणि विजा चमकायला लागल्या की प्लगवरचे दिवे उपटून ठेवा.

माझा हिशेब असा झाला: पाच बल्ब ५००, एक पट्टी २५०, प्लगची पट्टी २००, सेन्सर बल्ब ३००, सौर दिवा ६००, दोन इन्व्हर्टर बल्ब ७५०, कनेक्टर, स्क्रू, टेस्टर मिळून १५०. हे आमच्या बाजारातले भाव, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. चुना आणि कौलं शाकारणीच्या खर्चात गेली.

राहिली ती माजघरातली हॉस्पिटलची पट्टी. तिचा उजेड फुकट जायला नको, म्हणून ती मी पडवीत, आंब्याच्या पेट्या भरतो तिथे नेली. पहिल्या रात्री भाऊ वैतागला, कारण तिच्या निळसर उजेडात सगळी फळं हिरवटच दिसायला लागली. त्याआधी पिवळ्या बल्बाखाली सगळी पिकलेली वाटायची आणि सकाळी पेटी उघडली की फसगत व्हायची. शेवटी तिथे ४००० केल्विनची आणली, खोक्यावर सीआरआय ८० च्या वर लिहिलेली. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. आता देठाकडचा डाग रात्री दहा वाजताही दिसतो. आणि ती जुनी पट्टी गोठ्यात आहे. म्हशीने अजून तक्रार केलेली नाही.