अँडच्या आधीचा कॉमा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यातीच्या ऑफिसात नवीन लागणाऱ्यांचं बोलण्याचं इंग्रजी बायरशी फोनवर बोलून बोलून सुटतं. मेलमधला कॉमा मात्र वर्षानुवर्षं सतावतो. घरात मराठी असो, तेलुगू असो की कन्नड, आपण दम घेतो तिथे कॉमा ठोकतो. इंग्रजीत तो वाक्याच्या बांधणीवर ठरतो.

अँड, बट, ऑर, सो आले की त्यांच्या मागचं सगळं बोटानं झाका. पुढचा तुकडा एकटा वाक्य म्हणून उभा राहत असेल, तरच जोडशब्दाआधी कॉमा. ‘वी चेक्ड द लॉट अँड सेंट द रिपोर्ट’ यात ‘सेंट द रिपोर्ट’ला स्वतःचा कर्ता नाही, कॉमा नको. आता हे बघा: ‘वी पॅक्ड द टॉवेल्स अँड द नॅपकिन्स वेअर लेफ्ट इन द गोडाऊन.’ ‘नॅपकिन्स’पर्यंत वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही माल पॅक झालेला असतो. ‘वेअर लेफ्ट’ आलं की बिचारा मागे फिरतो. ‘टॉवेल्स’नंतर कॉमा दिला की प्रश्नच मिटला. वाक्यं अगदी छोटी असली तर कॉमा गाळलेला चालतो, पण नवख्यानं ही सवलत घेऊ नये. आणि ‘बट’ लिहून लगेच कॉमा देण्याची सवय सोडाच.

बिकॉज, इफ, व्हेन यांचं उपवाक्य आधी आलं तर ते संपल्यावर कॉमा, नंतर आलं तर सहसा नाही. पण ‘नॉट’ असेल तर सांभाळा. ‘वी डिड नॉट चेंज द यार्न बिकॉज इट वॉज चीप.’ सूत स्वस्त होतं म्हणून बदललं नाही, की बदललं पण कारण वेगळंच? बायर दुसरा अर्थ घेऊन बसला तर मेलामेली सुरू. मी अशा वेळी ‘बिकॉज’चा भाग सरळ आधी आणतो.

यादीतल्या शेवटच्या अँड-ऑरआधी अमेरिकन पुस्तकं बहुधा कॉमा देतात, ब्रिटिश बहुधा नाही. हे किरकोळ समजू नका. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम मिळत नाही त्यांच्या यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असं लिहिलेलं, ‘ऑर’आधी कॉमा नाही. डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे माल पोचवणं, हे यादीतलं वेगळं काम, की यादीत फक्त त्यासाठीचं पॅकिंग, असा वाद झाला. 2017 मध्ये ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांच्या बाजूनं अपील कोर्टाचा निकाल गेला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. पॅकिंग लिस्टमध्ये ‘ब्लू, रेड, अँड ब्लॅक अँड व्हाइट’ असं काही असेल, तर बायर लंडनचा असला तरी मी तो कॉमा ठेवतो.