नांगर टाकून गेलेला पूर्वज: वूस्टरला निघण्याआधी

आमच्या सूनबाईंचं माहेर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं. त्यांच्याकडे सांगतात, की घराण्यातला एक शेतकरी एप्रिल १७७५ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागलं तेव्हा, चालता नांगर शेतात सोडून इंग्रजांवर धावून गेला. त्या युद्धातला सेनानी, कनेक्टिकटचा इझ्रायल पटनम, याच्याबद्दलही अगदी हेच सांगतात, त्यामुळे मी गोष्ट ऐकते आणि गप्प बसते. या उन्हाळ्यात आम्ही दोघी वूस्टर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात (लिहायचं वॉर्सेस्टर, म्हणायचं वूस्टर), त्याचा माग काढायला जाणार आहोत. तिथे नाशिकच्या उपाध्यांसारखं कुणी कुळाची वही उघडून बसलेलं नसणार. तेव्हा तयारी घरूनच.

पहिलं म्हणजे त्या सैनिकाला बाजूला ठेवायचं आणि सूनबाईंच्या आजीपासून सुरुवात करायची. जन्म, लग्न, मृत्यू यांचे दाखले लावत एकेक पायरी मागे. १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या सगळ्यांची नावं मिळतात (गुलामांची मात्र नाही). त्याआधी, १७९० च्या पहिल्या गणनेपासून, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकी बायकापोरं नुसते आकडे.

मग गाव पक्कं करायचं. एका नावाचे दहा जण भेटतात, म्हणून नावापेक्षा गाव महत्त्वाचं. वूस्टर काउंटी १७३१ मध्ये झाली, त्याआधीचे कागद मिडलसेक्स, सफोक अशा जुन्या काउंट्यांत पाहायचे. तारखांचं एक टिपण वहीच्या पहिल्याच पानावर हवं: १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि त्या साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. जुन्या नोंदीत फेब्रुवारी १७३१/३२ असं दिसलं तर ती चूक नव्हे (जुन्या हिशेबाने ३१, नव्याने ३२). दोन्ही आकडे तसेच उतरवून घ्यायचे.

सैनिक म्हणून मुख्य कागद पेन्शनचा. १८१८ चा पेन्शन कायदा खड्या (कायमच्या) सैन्यातली नोकरी आणि गरिबी, दोन्ही मागायचा. चार-दोन महिने मिलिशियात (गावकऱ्यांच्या तात्पुरत्या पलटणीत) जाऊन कापणीला परतलेल्या शेतकऱ्याला त्यात जागा नव्हती. त्याची पाळी आली १८३२ मध्ये, सहा महिन्यांची चाकरी दाखवता आली तर. म्हातारा काउंटीच्या कोर्टात उभा राहून सांगायचा: जन्म कुठला, वयाचा लेखी पुरावा कुठे आहे, बोलावणं आलं तेव्हा राहत कुठे होता, नंतर कुठे कुठे राहिला, स्वतःहून गेला, सक्तीने गेला की कुणाचा बदली म्हणून. आपल्याकडच्या करीन्यासारखाच (जुन्या वादात लिहून द्यायच्या हकिकतीसारखाच) हा प्रकार, फक्त पन्नास-पंचावन्न वर्षांनंतर आठवून सांगितलेला. फायलीवर ‘एस’ असेल तर सैनिक स्वतः, ‘डब्ल्यू’ असेल तर विधवा, ‘आर’ असेल तर अर्ज फेटाळलेला. फेटाळलेली फाइल सोडायची नाही, कारण तिच्यात पुरावे जास्त कोंबलेले असतात. विधवेच्या फायलीत तर लग्न सिद्ध करायला घरच्या बायबलची फाडलेली पानंही सापडतात, मुलांच्या जन्मतारखांसकट. सूनबाई म्हणाल्या, “आई, बायबल फाडलं?” पोटाचा प्रश्न होता, बाई. नॅशनल आर्काइव्हजच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या) या फायली घरबसल्या बघता येतात. त्या निघण्याआधीच वाचून काढायच्या. वॉर डिपार्टमेंटला (युद्धखात्याच्या कचेरीला) ८ नोव्हेंबर १८०० ला आग लागली आणि त्याआधीचे अर्ज गेले, हेही लक्षात ठेवायचं.

पण माझं मत विचाराल तर नातं जोडायला शेतीचेच कागद हवेत. बंदूक त्याने थोडे दिवस धरली, शेती जन्मभर केली. खरेदीखतात बाप मुलाला जमीन देतो ते ‘प्रेमापोटी’ म्हणून लिहून देतो. चतुःसीमेत शेजारी येतात, साक्षीदारांत सासरची माणसं निघतात. सगळी नावं उतरवायची. १७७१ च्या कर-यादीत बैल, गाई, नांगरटीची जमीन, इतकंच काय सायडरची (सफरचंदाच्या दारूची) पिंपंसुद्धा मोजलेली आहेत. नवा माणूस गावात आला की गाव त्याला निघून जाण्याची नोटीस द्यायचं, म्हणजे उद्या भीक लागली तर गावावर भार नको. आपल्याला ती नोटीस सोन्यासारखी, कारण तो आला कुठून हे तिच्यात असतं.

शब्दांनी फसायचं नाही. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं नाही, गावातला त्याच नावाचा धाकटा माणूस, पुतण्याही असू शकतो. ‘मदर-इन-लॉ’ सावत्र आईला म्हणायचे. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. ‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन, आणि ‘एफ’सारखं दिसणारं लांबुळकं अक्षर बहुधा ‘एस’ असतं.

पिशवीत शिसपेन्सिली (शाई बहुतेक ठिकाणी चालत नाही), चार्जर, भिंग आणि कबरीवर तिरपा उजेड पाडायला छोटा आरसा. खडू किंवा दाढीचा फेस फासायचा नाही, पाटीचा दगड खराब होतो. दगडावर ‘वयाच्या ७८ व्या वर्षी’ असलं तर तो ७७ चा होता.

आणि नांगराचं मी वेगळं टिपून ठेवलंय. शेतकरी मेला की शेजारचे तीन जण घरभर फिरून सगळ्याची किंमत लिहायचे: कोट, किटली, बैलजोडी, अवजारं. ती प्रोबेटची (मृताच्या मालमत्तेच्या कोर्टातली) यादी मिळाली तर आधी नांगराची ओळ शोधायची, आणि त्याच्यापुढे ‘जुना’ असं लिहिलंय का ते बघायचं.