घरातलं प्लंबिंग: कुठवर आपला हात, कुठून प्लंबरचा

नळ गळायला लागला की बहुतेक जण पाना शोधतात. आधी शोधायला हवा तो पाणी बंद करायचा कॉक. तो कुठे आहे, फिरतो का, आणि बंद केल्यावर पाणी खरंच थांबतं का, हे माहीत नसताना घरातली कुठलीही जोडणी सोडवू नका.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या इमारतींत बहुधा घरात पाण्याची एकच लाइन नसते. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराची, बाथरूमची आणि फ्लशची अशा वेगवेगळ्या लाइन डक्टमधून (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून) खाली उतरतात आणि प्रत्येक लाइन त्या रांगेतल्या सगळ्या मजल्यांना पाणी देते. म्हणजे तुमच्या घरात 'मेन कॉक' दोन-तीन असू शकतात. ते बहुधा संडासाच्या माळ्यावर, डक्टच्या खिडकीजवळ किंवा गिझरच्या वर असतात. एकेक बंद करून कुठला नळ थांबतो ते पाहा आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधून ठेवा. काही जुन्या इमारतींत घरात कॉकच नसतो, थेट गच्चीवरचा व्हॉल्व बंद करावा लागतो. तसं असेल तर गच्चीची किल्ली कोणाकडे असते हे आजच विचारा आणि प्लंबर पुढच्या वेळी येईल तेव्हा घरात स्वतंत्र बॉल व्हॉल्व (पाव फेऱ्यात बंद होणारा) बसवून घ्या. या एका कामाने पुढची निम्मी धावपळ वाचते.

चाकासारखी मूठ असलेला गेट व्हॉल्व वर्षानुवर्षं न फिरवल्यास जाम होतो. दर तीन महिन्यांनी तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि उघडल्यावर पाव फेरा मागे घ्या. जाम झालेल्या व्हॉल्ववर पाना लावून जोर करू नका. दांडा तुटला तर तो बंदही होत नाही आणि उघडतही नाही.

आता नळ. टपटप किरकोळ वाटते, म्हणून एकदा मोजा. नळाखाली एक लिटरची बाटली ठेवली आणि ती तासाभरात भरली, तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० लिटर पाणी वाया जातं. उन्हाळ्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात, तिथे हे पाणी विकतचं असतं.

जुन्या, तीन-चार फेरे घेणाऱ्या नळात रबरी वॉशर झिजतो. कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढा, मूठ काढा, आठ किंवा दहा इंची पान्याने स्पिंडल (मुठीखालचा फिरता दांडा) सोडवा. नळावर फडकं गुंडाळलं तर क्रोम ओरखडत नाही. जुना वॉशर दुकानात नेऊन तसाच अर्धा इंची घ्या. नवा वॉशर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळू लागला, तर दोष त्याचा नाही. तो ज्या पितळी बैठकीवर टेकतो तिला खाच पडलेली असते, तेव्हा नळच बदला. पाणी तोटीतून न गळता मुठीखालून येत असेल, तर स्पिंडलभोवतीचा ग्लँड नट पाव फेरा आवळून पाहा.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, सिरॅमिक चकत्यांचा स्पिंडल असतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. कंपन्यांप्रमाणे त्याची उंची आणि दातांची संख्या वेगळी असते, म्हणून जुना हातात घेऊनच दुकानात जा. या चकत्यांचा शत्रू गाळ. महापालिकेचा शटडाउन संपून पाणी आलं की पहिलं पाणी गढूळ आणि हवेने भरलेलं असतं. त्या वेळी बाथरूममधला बादलीचा नळ पूर्ण उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या (ते फरशी धुवायला किंवा संडासात चालतं). शॉवर, वॉशिंग मशिन, फिल्टर आणि गिझर त्यानंतर. तोटीच्या टोकाची जाळी हाताने सुटते. ती काढून धुवा. धरणाच्या पाण्यापेक्षा टँकरचं किंवा बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्याने जाळीवर पांढरा थर बसतो. जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा.

अख्खा नळ बदलताना खरा धोका भिंतीत असतो. नळ उलटा फिरवताना नळ सुटतोय की आतला पाइपच फिरतोय, याकडे लक्ष द्या. जुन्या सिडको इमारतींत लोखंडी जीआय पाइप आतून गंजलेले असतात आणि जोर दिला की आटे भिंतीतच तुटतात. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर तुमचे पाइप त्याच अवस्थेत आहेत असं समजा आणि अडलेल्या नळाला हात लावू नका. नळ सहज सुटला, तर नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. आटे तुमच्याकडे तोंड करून धरा, पहिला आटा मोकळा सोडा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून आठ-दहा फेरे द्या. उलट गुंडाळलेली टेप नळ बसवताना सुटत जाते. नळ सरळ करायला एकदा बसवलेला मागे फिरवू नका, तेवढ्याने जोड गळतो. फ्लश किंवा बेसिनच्या कनेक्शन पाइपच्या नटाला मात्र टेप लागत नाही, तिथे आतला रबर पाणी अडवतो. हाताने घट्ट करा आणि पान्याने फक्त पाव फेरा द्या.

फ्लशची गळती आवाज करत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला आणि टाकीतल्या उभ्या नळीतून पाणी जात नसेल, तर तळाच्या फ्लश व्हॉल्वचा रबर गेला आहे. पाणी त्या उभ्या नळीतून वाहून जात असेल, तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली करा. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापासून साधारण एक इंच खाली हवी. भिंतीतल्या टाकीचे भाग कंपनीगणिक वेगळे असतात, तिथे त्या कंपनीचा माणूस बोलवा.

बाथरूममधून वास येतोय, झुरळं येतायत? आधी नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं भांडं) पाहा. त्यात साधारण दोन इंच पाणी उभं राहतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. गावी गेल्यावर महिनाभर बाथरूम बंद राहिलं तर ते सुकतं. परत आल्यावर बादलीभर पाणी ओतलं की झालं. दुसरं कारण जास्त वेळा दिसतं: पाणी लवकर जावं म्हणून आतली वाटी काढून फेकलेली असते. ती परत बसवा. दर पंधरा दिवसांनी जाळी आणि वाटी काढून केस साफ केले, तर पाणी तसंही तुंबत नाही.

स्वयंपाकघरातलं सिंक तुंबतं ते तूप, तेल आणि चहाच्या चोथ्याने. खरकटं तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाका. तुंबलंच तर खाली बादली ठेवा, सिंकखालच्या बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढा, धुवा, रबर होता तसाच बसवा. बेसिनला पंप मारताना ओव्हरफ्लोचं छिद्र ओल्या फडक्याने दाबा, नाहीतर दाब तिथूनच निघून जातो. बाजारातल्या अ‍ॅसिडपासून दूर राहा. ते फरशीचे सांधे खातं, ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. कॉस्टिक सोड्याची पावडर आधी टाकली असेल, तर प्लंबर पाइप उघडण्यापूर्वी त्याला आवर्जून सांगा. त्याचे डोळे आणि हात त्यावर अवलंबून आहेत.

गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्वमधून थोडं पाणी टपकणं हा दोष नाही. पाणी तापून फुगतं, १५ लिटरच्या टाकीतून पेलाभर बाहेर येतं. ते छिद्र कधीही बुजवू नका. टाकीतून सतत धार येत असेल किंवा अंगाला झिणझिण्या आल्या, तर गिझरचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डातला खटका) बंद करा आणि मेकॅनिक बोलवा.

सर्वांत जास्त भांडणं खालच्या घराच्या छतावरच्या ओलीवरून होतात. फरशी फोडण्याआधी निदान करा. ओल दिवसरात्र सारखी राहत असेल तर संशय दाबाच्या, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या पाइपवर. ती आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा वॉटरप्रूफिंग. खात्रीसाठी नहाणी ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने बंद करा (दोरी बांधून बाहेर ठेवा), फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ तास उभं राहू द्या. रंग खाली उतरला तर फरशीचे सांधे आणि वॉटरप्रूफिंग दोषी. नाही उतरला, तर ट्रॅप उघडून त्यात चार बादल्या ओता आणि पुन्हा पाहा. घाईने निष्कर्ष काढू नका: संडास-बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधला विटांचा कोबा पाणी धरून ठेवतो, म्हणून कारण दूर केल्यावरही खाली काही दिवस ओल राहते. सांध्यांतून पाझर असेल, तर आधी जुना व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला) भरून पाहा. फरशी फोडण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

खर्च कोणाचा? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन, टाक्या आणि गच्ची सोसायटीकडे. घरातल्या संडास, सिंकमधली गळती सदनिकाधारकाकडे. म्हणून निदानाचे फोटो काढून कमिटीला लेखी द्या.

प्लंबर बोलवायचाच ती कामं अशी: भिंतीतला किंवा फरशीखालचा पाइप, डक्टमधली कुठलीही लाइन, जाम झालेला मुख्य व्हॉल्व, प्लास्टिकच्या सीपीव्हीसी पाइपचा गळणारा जोड (त्यावर बाहेरून सोल्युशन थापून उपयोग नसतो, तुकडा कापून नवा जोड घालावा लागतो), आणि दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी तुंबलेलं सांडपाणी. एकच सिंक तुंबलं तर अडथळा तुमच्या घरात असतो, खालच्या मजल्यांवरही तुंबलं तर तो सामाईक लाइनमध्ये. महापालिकेच्या जोडणीचं काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या.

आवारातला सांडपाण्याचा चेंबर भरला तर त्यात माणूस उतरवू नका. आतला वायू काही क्षणांत माणूस मारतो, आणि गटारात, सेप्टिक टँकमध्ये अशा धोकादायक सफाईला माणूस लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सक्शन-जेटिंगची गाडी मागवा, कितीही थांबावं लागलं तरी.

प्लंबरने भिंत उघडली असेल, तर टाइल बसण्याआधी नवी लाइन पंपाने दाब देऊन तपासून घ्या, आणि पाइप कुठून कसे गेलेत त्याचे फोटो मोजपट्टी धरून काढा. पुढे कधी त्या भिंतीत ड्रिल मारायचं असेल, तेव्हा ते फोटो उघडून पाहा.