गॅसचा वास आला तर बटणाला हात नाही

‘गॅसला हात लावू नकोस’ एवढं सांगून आपण मोकळे होतो. पण वास आला तर काय करशील, हे मुलांना एकदा विचारून बघा. आमची आठ वर्षांची लेक पटकन म्हणाली, "एक्झॉस्ट फॅन लावायचा." नेमकं तेच करायचं नसतं! बटण दाबताना, मग ते चालू करा की बंद, आत बारीक ठिणगी उडू शकते आणि साचलेला गॅस पेटायला तेवढी पुरते.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो छताकडे न जाता फरशीलगत पसरतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडायचं. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. ही गोष्ट मुलांना भारी आवडते आणि लक्षातही राहते.

रेग्युलेटर बंद करणं मोठ्यांचं काम. मुलांनी फक्त हाक मारायची आणि बाहेर पडायचं. लिफ्ट नाही, जिनाच. शेजाऱ्यांची बेलही दाबायची नाही, दार ठोकायचं. फोन लांब गेल्यावर करायचा: गॅसगळतीसाठी १९०६, आग लागली तर १०१. हे आकडे तोंडपाठ करून घ्या.

मग एखाद्या रविवारी अचानक "वास आला!" असं ओरडा आणि मुलाचा हात कुठे जातो ते बघा. आमच्याकडे पहिल्या वेळी चपला शोधण्यातच अर्धा मिनिट गेला.