तीन पत्तीवाल्या घरात पोकर खेळताना

बडोद्यात सातम-आठमला, म्हणजे जन्माष्टमीच्या सुमाराला, पत्ते निघतात. आदल्या दिवशी, रांधण छठला, सगळा स्वयंपाक करून ठेवलेला असतो आणि शीतळा सातमला चूल पेटवायची नसते. त्यामुळे वर्षातून एकदा आम्हा बायकांचे हातही मोकळे. लग्न होऊन दांडिया बाजारात आले, तेव्हापासून मी या दिवशी गार थेपले खात तीन पत्ती खेळत आले आहे. चिंचोक्यांवर. पैशांना आमच्याकडे हात लावत नाहीत. जुगारबंदीचा कायदा आहे हे एक, आणि सासूबाईंचा धाक होता हे दुसरं. जो हरेल त्याने सकाळी सगळ्यांना सेव उसळ खिलवायची, एवढाच दंड.

तीन वर्षांपूर्वी माझा भाचा होस्टेलवरून पोकर शिकून आला. दोन पानं हातात, पाच पानं मधे उघडी, सातांतून उत्तम पाचांचा डाव. सगळ्यांना वाटलं, तीन पत्तीचीच मोठी बहीण. वर्षभर मी एकटीने सेव उसळीचे पैसे भरले, मग बसून विचार केला. मी बँकेत कॅशियर होते, कमी पडलेला हिशोब मला झोपू देत नाही. चूक एकच निघाली: मी पोकरच्या टेबलावर तीन पत्ती खेळत होते. तुमच्या घरातही तेच चाललं असणार.

सगळ्यात आधी, डावांचा क्रम मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर ठेवा. पहिल्याच सातमला माझा पंजी ते नश्शी सिक्वेन्स, म्हणजे ओळीने पाच पानं, लागला आणि मी ढीग ओढायला लागले. भाच्याने मनगट धरलं, "मावशी, हात काढ. काकूंचा कलर आहे." कलर म्हणजे सगळी पानं एकाच रंगाची, सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. आपला लाडका ट्रेल (तीन सारखी पानं) तर तिथे सिक्वेन्सच्याही खाली जातो. आणि एक्का-दुर्री-तिर्री हा आपल्याकडचा मानाचा सिक्वेन्स. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात हलका.

आता खरी सवय. तीन पत्तीत आंधळं खेळणाऱ्याला निम्मी चाल (डावात राहायला टाकायचे चिंचोके) पडते. म्हणजे पानं न बघता डावात टिकून राहण्याला तो खेळच बक्षीस देतो. पोकरमध्ये ही सवलत कोणालाच नाही. तिथे प्रत्येक कॉल, म्हणजे समोरच्याइतके चिंचोके टाकून डावात राहणं, पूर्ण भावाने, आणि पुढे फ्लॉप (मधली पहिली तीन पानं), टर्न (चौथं), रिव्हर (पाचवं) असे आणखी तीन खर्च उभे. तरी आमच्याकडे सहाचे सहा जण फ्लॉप बघायचे. "बघूया की, दोनच चिंचोके आहेत!" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, तिथे पानं टाकायला शिकलेला माणूस वर्षभर सेव उसळ फुकट खातो. सहा जणांत मी आता चार-पाच डावांतून एखादाच खेळते. कंटाळा येतो. हातात लीलो चिवडो ठेवा.

कोणती पानं ठेवायची? कुठलीही जोडी, पण लहान जोडी स्वस्तात. तिला तिसरं पान फ्लॉपवर साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतं, नाही लागलं तर मुकाट्याने सोडायची. एक्क्याबरोबर राजा, राणी, गुलाम किंवा दश्शी. राजा-राणी. एकाच रंगाचे राणी-गुलाम, गुलाम-दश्शी. बाकी सगळं पॅक, म्हणजे पानं टाकून डाव सोडायचा. "दोन्ही बदाम आहेत" म्हणून सत्ती-दुर्री ठेवणारे आमचे धाकटे भाऊजी. एका रंगाच्या दोन पानांना फ्लॉपवर थेट कलर लागतो सुमारे 119 वेळांत एकदा. तेवढे डाव आमच्या सातम-आठम मिळूनही होत नाहीत.

एक्का-चव्वीचा मोहही असाच. एक्का लागतो, तुम्ही खूष होता, आणि समोर एक्का-राणी निघते. जोडी सारखीच, शेजारचं पान हलकं. अर्धे चिंचोके मी याच पायी घालवले आहेत.

चांगली पानं आली तर नुसतं कॉल करून दबून बसू नका. तीन पत्तीत आपण मोठी पानं लपवतो, समोरच्यांना आत येऊ देतो. इथे ते महागात पडतं. एक्क्यांची जोडी एकासमोर 100 पैकी सुमारे 85 वेळा जिंकते. पाचही जण आत राहिले तर निम्म्या वेळाच. म्हणून रेज करून, म्हणजे भाव वाढवून, गर्दी कमी करायची. ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायचे चिंचोके, एकाचे लहान, एकाचे मोठे. पुस्तकी माप मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट. आमच्या घरात तिप्पटला कोणी उठत नाही, म्हणून मी पाच-सहापट करते.

जागाही बघा. बटन, म्हणजे वाटणाऱ्याची खूण, ज्याच्यासमोर, तो फ्लॉपनंतर सगळ्यांच्या शेवटी बोलतो, सगळ्यांचं ऐकून. तिथून जरा हलकी पानंही खेळता येतात. पहिल्यांदा बोलायचं असेल तर हात आखडता.

हिशोबाचा भाग मी एका डावावरून सांगते. गेल्या आठमची रात्र. माझ्याकडे बदाम नश्शी आणि बदाम अठ्ठी. मधे बदाम राजा, बदाम तिर्री, किलवर राणी. चौथं पान चौकट पंजी. ढिगात 60 चिंचोके. भाऊजींनी 30 टाकले आणि म्हणाले, "वहिनी, येताय का?"

मला एक बदाम हवा. तेरांतले चार दिसतात, नऊ राहिले. न दिसलेली पानं 46. म्हणजे साधारण पाचांत एकदा लागणार. आता असाच प्रसंग पाच वेळा आला असं धरा: चार वेळा माझे 30-30 जातील, म्हणजे 120. एकदा लागलं तर ढिगातले 60 आणि त्यांचे 30, म्हणजे 90 मिळतील. तोटा 30. पॅक. त्यांनी 15 च टाकले असते तर? चार वेळचे 60 जातात, एकदा 75 येतात. मग कॉल. पानं तीच, फक्त भाव बदलला. पुढे रिव्हरला त्यांच्याकडून आणखी काही उकळता येईल, असं कोणी म्हणेल. येतं कधीकधी. पण भाऊजी तिसरं बदाम दिसलं की दगड होतात, त्यामुळे तो नफा मी धरत नाही.

मी पॅक केलं. पुढचं पान बदाम चव्वी. टेबलावर हशा पिकला, जाऊबाईंनी तर टाळी दिली. हिशोब तरीही तोच.

दोन पानं यायची बाकी असताना सोपी युक्ती: उपयोगी पानं मोजा, चारने गुणा. नऊ पानं, तर सुमारे 36 टक्के. एकच यायचं असेल तर दोनने. दोन्ही बाजूंनी उघड्या सिक्वेन्सला आठ पानं, मधलं एकच पान हवं असलेल्या खिडकीला चारच.

ब्लफबद्दल लोक फार विचारतात. घरच्या खेळात तो जवळजवळ विसरा. ब्लफ चालतो पानं टाकू शकणाऱ्या माणसावर. आमच्या जाऊबाई दुर्रीची जोडी घेऊनही रिव्हरपर्यंत येतात, "बघू तरी काय आहे" म्हणून. त्यांना घाबरवता येत नाही. त्यांच्यासमोर चांगला डाव लागला की सरळ मोठी चाल टाकायची, त्या देतातच. आणि शांत बसणाऱ्या समोरच्या बेननी रिव्हरला अचानक रेज केलं तर दोन जोड्या असल्या तरी मी सोडते. अशी माणसं गंमत म्हणून रेज करत नाहीत.

काउंटरपलीकडचे हात मी वर्षानुवर्षं बघितले आहेत. माझा अनुभव असा की चेहऱ्यापेक्षा हात खरं बोलतो. भाऊजींना चांगलं पान आलं की ते चिंचोक्यांकडे एकदा चोरून बघतात आणि मग पंख्याकडे. त्यांना अजून माहीत नाही, सांगूही नका.

मांडणीचं थोडकं: प्रत्येकी 100 चिंचोके, ब्लाइंड एक आणि दोन. संपले तर एकदाच आणखी 100. नाहीतर कोणी जपून खेळतच नाही. पत्ते नवे घ्या. आमच्या जुन्या कॅटमधल्या इस्पिक एक्क्याचा कोपरा दुमडलेला होता आणि तो कोणाकडे आहे हे सगळ्या घराला कळायचं. खेळ संपला की चिंचोके मोजून डब्यात. आमचे दर वेळी चार-पाच कमी भरतात, आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या सदऱ्याच्या खिशातून धुण्यात निघतात.