उघड्या टेकडीवर पुन्हा रान उभे करताना

इंदूरभोवतीच्या टेकड्या बसाल्ट खडकाच्या आहेत. सरपणासाठीची तोड, मोकाट चराई आणि मुरूम-गिट्टीची खोदाई यांमुळे उघड्या पडलेल्या उतारावरची माती वाहून गेलेली असते, म्हणून तेथे रोपांआधी पाणी अडवावे लागते. १४ जुलै २०२४ रोजी रेवती टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लागली, यात लोकांची तळमळ दिसली. परंतु रोप जगवण्याचा हिशेब किमान तीन वर्षांचा असतो.

जमीन वनखात्याची की महसुलाची हे पाहून प्रथम लेखी परवानगी घ्यावी.

समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे पाणी अडवणारे चर, उन्हाळ्यातच खोदावेत. पातळी काढण्यासाठी दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधून मध्ये आडवी काठी बसवावी आणि टोकापासून दगडाचा ओळंबा सोडावा. चौकटीचे पाय अदलाबदल करून दोन्ही वेळा दोरी काठीवर जेथे येते, त्या दोन जागांच्या मध्यावर खूण करावी. पुढे दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय समपातळीत आहेत असे समजावे. चर साधारण दोन फूट रुंद व एक फूट खोल असावा आणि माती उताराच्या खालच्या बाजूस टाकावी. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यावे, नाहीतर वरून येणारा लोंढा खालचे चर गाळाने भरून टाकतो. झाबुआचे भिल्ल बांधव हाथीपावा टेकडीवर ‘हलमा’ परंपरेने, म्हणजे मोबदला न घेता एकत्र येऊन, असेच चर खोदत आले आहेत. शहरातील मंडळांनी त्यांच्याकडून शिकावे असे मला मनापासून वाटते.

लावण्याआधी जुने खुंट शोधावेत. पळस, धावडा, साग यांची मुळे जिवंत असली तर चराई थांबताच फुटवे येतात. त्यांतील एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. अशी झाडे नव्या रोपांपेक्षा लवकर वाढतात, शिवाय त्यांना पाणी घालावे लागत नाही.

मोकळ्या जागी खैर, अंजन, बेल, आवळा लावावेत, आणि जेथे माती थोडी खोल आहे तेथे करंज. निलगिरी व सुबाभूळ टाळावेत. निंबोळीची उगवणशक्ती लवकर संपते, म्हणून ती गोळा करताच चराच्या मातीत पेरावी. रोपे मात्र दोन-तीन चांगले पाऊस पडून माती खोलवर भिजल्यावरच लावावीत.

गवत चरू न देता बी झडल्यावर विळ्याने कापून गावकऱ्यांना न्यायला द्यावे, आणि फेब्रुवारीपर्यंत टेकडीभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढून ठेवावी.