ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: गोळ्या सुरू करण्याआधी या चुका टाळा

केमिस्टच्या काउंटरवर केसांसाठी, डोळ्यांसाठी, सांध्यांसाठी, ‘इम्युनिटी’साठी म्हणून ज्या बाटल्या मांडलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांवर एक शब्द हमखास सापडतो: अँटिऑक्सिडंट. त्यामागचा हिशेब सोपा वाटतो. शरीरात फ्री रॅडिकल्स, म्हणजे दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन हिसकावणारे (ऑक्सिडेशन करणारे) अस्थिर रेणू, तयार होतात, ते पेशींची नासधूस करतात, अँटिऑक्सिडंट त्यांना निकामी करतो, म्हणून तो जितका पोटात जाईल तितकं बरं. यातला शेवटचा भाग चुकीचा आहे, आणि लोकांचे पैसे नेमके त्याच भागावर खर्च होतात.

आधी आत काय घडतं ते थोडक्यात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या वीजघरांत) अन्नापासून ऊर्जा बनताना काही इलेक्ट्रॉन निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकल तयार होतो. एसओडी नावाचं एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स त्याचं पाणी करून टाकतात. मध्येच मोकळं लोह भेटलं तर पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो. तो इतका आततायी असतो की जिथे जन्मतो तिथेच, शेजारी जे असेल त्यावर तुटून पडतो: पेशीच्या आवरणातली चरबी, प्रथिनं, डीएनए. ही निर्मिती बंदोबस्तापेक्षा वरचढ झाली की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. ही संकल्पना हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये मांडली. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचणं, मधुमेहात मूत्रपिंड आणि नसा खराब होणं, फुप्फुसांचे जुनाट आजार, या सगळ्यांत तो आढळतो. कुठे तो कारण असतो, तर कुठे आजाराचा नुसता परिणाम.

फ्री रॅडिकल म्हणजे फक्त शत्रू, ही समजूत

आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतात. ज्या मुलांमध्ये जन्मतःच हे काम करणारं एन्झाइम बिघडलेलं असतं, त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो: वारंवार गळवं, फुप्फुसात बुरशी, यकृतात पू. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा मुलांचं निदान होतं. पांढऱ्या पेशी ऑक्सिडेशन करू शकतात की नाही, हेच त्या तपासणीत पाहतात. रॅडिकल्स शून्यावर आणणं हे उद्दिष्टच नाही.

जास्त डोस म्हणजे जास्त संरक्षण

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष, त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन. अपेक्षा अशी की फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. झाला १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतल्या तशाच एका चाचणीत हा आकडा २८ टक्के निघाला आणि १९९६ मध्ये ती ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावी लागली. २०११ मध्ये ३५ हजारांहून जास्त पुरुषांवरच्या सिलेक्ट चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के अधिक दिसला. आपल्याकडे केसांसाठी, त्वचेसाठी, पायात गोळे येतात म्हणून वर्षानुवर्षं गिळल्या जाणाऱ्या ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचा नेहमीचा डोस हाच, ४००.

असं का होत असावं? ई जीवनसत्त्व रॅडिकलला शांत करतं तेव्हा ते स्वतःच सौम्य रॅडिकल बनतं. त्याला पूर्ववत करायला सी जीवनसत्त्व लागतं, आणि सीला पूर्ववत करायला ग्लुटाथायोनची, म्हणजे पेशी स्वतः बनवते त्या अँटिऑक्सिडंटची, यंत्रणा. या साखळीतली एकच कडी दहापट वाढवली की बाकीच्या तेवढ्या वाढत नाहीत. धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात बीटा कॅरोटीनचंच ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून निघणारे तुकडे निरुपद्रवी नसतात. शिवाय हायड्रॉक्सिल रॅडिकल बनल्या जागीच घाव घालून मोकळा होतो. तिथे वेळेवर पोचेल अशी गोळी नाही.

यातून निघणाऱ्या दोन व्यवहारी गोष्टी. सिगारेट-विडी ओढत असाल किंवा पूर्वी ओढली असेल, तर डोळ्यांच्या पडद्यासाठी दिलेल्या कॅप्सूलच्या लेबलवर बीटा कॅरोटीन आहे का ते बघा. २०१३ पासून त्याऐवजी ल्युटीन आणि झिआझँथीन असलेला फॉर्म्युला उपलब्ध आहे, डॉक्टरांकडून तो मागून घ्या. आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अँटिऑक्सिडंट औषध म्हणून कधीच चालत नाहीत असंही नाही. पॅरासिटामॉलची विषबाधा झाली की यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं. तेव्हा एन-ॲसिटिलसिस्टीन वेळेत, पहिल्या आठ तासांत, दिलं तर यकृत वाचतं. पण तिथे कमतरता नेमकी कशाची हे माहीत असतं.

आवळा, कोकम, पेरू, पालेभाजी खुशाल खा. त्या चाचण्यांचा ठपका भाजीवर नाही. मोरावळ्यातली साखर मात्र मधुमेह्यांनी मोजावी.

व्यायामानंतर लगेच सी आणि ई

हे मुंबईतल्या जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांसाठी. २००९ मधल्या एका जर्मन प्रयोगात व्यायामाबरोबर रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. न घेणाऱ्यांमध्ये सुधारला. व्यायामात तयार होणारे रॅडिकल्स पेशीला ‘बंदोबस्त वाढव’ असा निरोप देतात. तो निरोपच पुसला तर शिवाजी पार्कच्या फेऱ्यांचा अर्धा फायदा पाण्यात.

जी-सिक्स-पीडी न तपासता औषध किंवा ड्रिप

याबद्दल मुंबईत जास्त बोललं जायला हवं. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात. ग्लुटाथायोन ताजं ठेवण्यासाठी ती पूर्णपणे जी-सिक्स-पीडी या एन्झाइमवर अवलंबून असते. ते जन्मतः कमी असेल तर ऑक्सिडेशन करणारं औषध पोटात गेलं की लाल पेशी फुटायला लागतात. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुलग्यांना जास्त. मुंबईच्या पारशी समाजात याचं प्रमाण जास्त असल्याच्या नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत, पण तो फक्त त्यांच्यापुरता मुळीच नाही.

पावसाळ्यात व्हायवॅक्स मलेरिया झाला की प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स देतात. हे औषध नेमकं या लोकांना घातक. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचंही तेच: ठेवणीतले कपडे आणि दुपटी न धुता, ऊन न दाखवता तान्ह्या बाळाला गुंडाळू नका. ‘ग्लो’साठी शिरेतून सी जीवनसत्त्वाचा मोठा डोस देणाऱ्या क्लिनिकमध्ये सुई टोचून घेण्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी करतात का, हे विचारा. प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर उठून या. औषधानंतर एकदोन दिवसांत लघवी गडद तपकिरी, डोळे पिवळे, धाप, असं दिसलं तर औषध थांबवून लगेच हॉस्पिटल गाठा.

तपासणीची वेळही महत्त्वाची. पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर म्हाताऱ्या पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात. उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं आणि रिपोर्ट खोटा ‘नॉर्मल’ येतो. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करा.

उगम तसाच ठेवून उपाय

तंबाखू, मशेरी, गुटखा, सिगारेट यांतल्या एकावर जरी फुली मारली तरी ती कुठल्याही कॅप्सूलपेक्षा मोठं काम करते. बेताल साखरेचंही तसंच. रक्तात ग्लुकोज वाढलं की मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइडची गळती वाढते. रस्त्यावरची धूळ-धूर आपल्या हातात नाही, पण बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर कॉइल आहे. जाळी बसवा, मच्छरदाणी लावा.

तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने बनणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरी मोजता येत नाही, पण काळपट, चिकट, फेसाळणारं तेल ओळखता येतं. त्यात ताजं तेल ओतून ते ‘वाढवू’ नका.

‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’वर विसंबणं

रक्तातली ‘टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी’ मोजून देणारी पॅकेजेस मिळतात. या आकड्यात मोठा वाटा युरिक ॲसिडचा असतो. म्हणजे गाउटवाल्याचा (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजणाऱ्याचा) रिपोर्ट दिमाखदार येऊ शकतो, आणि नमुना उशिरा पोचला किंवा त्यातल्या पेशी फुटल्या तरी आकडे हलतात. त्यापेक्षा रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) बघा. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्येही रक्तदाब आणि साखर तपासून मिळते. सी जीवनसत्त्वाचे मोठे डोस चालू असतील तर तिथे ते आधी सांगा, कारण काही ग्लुकोमीटरवर त्यामुळे साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते.